चढावरचं बोलणं

बुधवारी केजात दिवसभर लाइट नसते.
शिवकांताची पिठाची गिरणी बंद,
माझी एक किरकोळ रजा उरलेली,
आणि लेक लातूरला क्लासला गेल्यापासून
तिची सायकल पडवीत, भिंतीकडं तोंड करून.

शिवकांतानं नवऱ्याची बावीस इंची काढली.
"चढताना तेवढी धर, मग माझं मी बघते."

धारूर गाठायचं, घाट बघायचा,
दिवे लागायच्या आत परत.
याहून मोठं कारण आमच्याकडं नव्हतं
आणि रस्ताभर लोक तेच विचारत होते.
बांधावरून एक म्हातारा ओरडला,
"कुणाच्या मयतीला जायलाव गं, एवढ्या घाईनं?"
"कुणाच्याच नाही, मामा."
तो वळणापर्यंत बघत राहिला,
कुणीतरी गेलंच असणार अशा चेहऱ्यानं.

सपाटीला ती पुढं असते.
मला फक्त तिची पाठ दिसते
आणि पाठीच्या दोन्ही बाजूंनी सरकणारं रान:
फुलावर आलेली तूर, गुडघ्याएवढी ज्वारी,
मधेच एक काळंभोर वावर, नुकतं पाळी घातलेलं,
त्यावर बगळे,
निवडताना सांडलेल्या तांदळासारखे.

बोलणं होतं ते चढावर.
खाली उतरून, हँडल धरून, शेजारी शेजारी.
मधे धाप येते म्हणून वाक्यं तुटतात,
आणि तुटक्या वाक्यात खोटं मावत नाही.
पहिल्या चढावर तिनं सांगितलं, गुडघा दुखतो.
दुसऱ्यावर, थोरल्या दिराला गिरणी विकायचीय.
तिसऱ्यावर मी सांगितलं,
लेकीचा फोन आला की आधी आवाज नीट करते,
मग उचलते.
नंतर उतार लागला.

ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर ओलांडून गेला.
भांडी, कडबा, उलटी खाट,
खाटेच्या पायाला बांधलेली कोंबडी,
सगळ्यांत वर बसलेली एक पोरगी.
तिनं हात केला नाही.
बोटानं आमच्या सायकली मोजल्या. एक. दोन.

धारूरला किल्ला उन्हात बसून होता.
आम्ही लांबूनच बघितला
आणि डोळे उघडलेली सीताफळं घेऊन सावलीला टेकलो.
बी कुणाची लांब जाते, यात ती जिंकली.
तिथं, इतक्या जवळून, कळलं:
एवढी वर्षं मी पीठ समजत होते
ते शिवकांताचे पांढरे केस आहेत.
बोलले नाही. सपाटी होती.

मग घाट.
पहिल्यांदाच मी पुढं.
दरी अंगावर उघडली,
खाली माजलगावकडचं पाणी लकाकत होतं
की नुसतं ऊन, ठरवेपर्यंत वळण आलं.
डोळ्यांतलं पाणी कानाकडं निघालं.
मागून शिवकांता काहीतरी ओरडली.
मीही ओरडले, "हाव! लई भारी!"
ती पुन्हा ओरडली.
मी पुन्हा, "हाव!"

खाली चहाच्या टपरीशी थांबले
तर ती शेजारून सुसाट गेली
आणि पुढं खडीच्या ढिगात शिरून थांबली.
एक चप्पल वरच कुठंतरी.
चहावाल्यानं काही न विचारता
आधी पाण्याचा तांब्या पुढं केला.

परतीला तोच उतार चढ झाला होता.
निम्म्यात आल्यावर मी विचारलं,
"इथं काय ओरडलीस गं?"
"ब्रेक लागंना म्हणून वरडायले होते, बाई.
अन् तू हाव म्हणायलीस."

हसून हसून सायकली कठड्याला टेकवाव्या लागल्या.
एक ट्रक आम्हाला वळसा घालून गेला.
मग ती, पदर नसलेल्या खांद्यावर हात फिरवत,
"पण तू हाव म्हणलीस ना,
तर वाटलं, हिला म्हाईत असंल काहीतरी.
म्हणून हँडल सोडलं नाही."

मला काहीच माहीत नव्हतं.
हे सांगायला अजून बराच चढ होता,
पण मी चप्पल शोधत राहिले.
तिसऱ्या वळणावर सापडली, उलटी.

केजात शिरलो तेव्हा लाइट आलेली.
गिरणीपुढं डबे रांगेत, माणसांशिवाय.
शिवकांतानं सायकल भिंतीला लावली,
पट्टा चढवला,
आणि रस्त्याच्या धुळीवर पीठ बसू लागलं.